दोन रुपयांतले महाराज

छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं १९९९ साली आलं. राज्याभिषेकाला तेव्हा ३२५ वर्षं होत होती. तांबं-निकेलचं, अकरा बाजूंचं नाणं. एकीकडे सिंहमुद्रा, दुसरीकडे महाराजांचा चेहरा आणि नाव. घरातल्या चिल्लरच्या डब्यात अजूनही एखादं सापडेल.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे आयकॉन बरा की वाईट हे मोठ्या स्क्रीनवर ठरत नाही. तो नखाएवढा करून बघतात. नाण्याची परीक्षा याहून अवघड. ते लहान तर असतंच, शिवाय वर्षानुवर्षं खिशात, गल्ल्यात घासलं जातं. जो भाग सगळ्यात उंच तो आधी झिजतो, म्हणजे नाक आणि गाल. माझ्याकडच्या नाण्यावर डोळे जवळपास गेलेत. तरी जिरेटोप आणि दाढी यांची बाह्यरेषा शाबूत आहे, आणि तेवढ्यावर कोणीही ओळखेल. इथे या डिझाइनला पूर्ण मार्क.

माझी तक्रार वेगळी आहे. हा साचा आहे. मधे चेहरा, कडेला नाव, खाली साल. चेहरा आणि नाव बदललं की दुसऱ्या थोर व्यक्तीचं नाणं तयार. यात महाराजांचं असं काय आहे?

हे विचारायचं कारण शिवराई. महाराजांच्या या तांब्याच्या नाण्यावर चेहराच नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. बस. मुघल आणि आदिलशाही नाण्यांवर फारसी-अरबी अक्षरं असण्याच्या काळात हे देवनागरीत. ज्या राजानं कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याच्या नाण्यावर लिपी हाच मजकूर होता. राज्य कोणाचं, हे भाजी घेणाऱ्याच्या हातात कळत होतं.

शिवराई काही सुबक नाही. हातानं ठोकलेली, त्यामुळे अक्षरं कडेला कापली जातात. ‘शिव’ हा शब्दही वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. पण अक्षरं जाड आणि मोठी आहेत. अर्धी कापलेली शिवराईसुद्धा आज वाचता येते.

१९९९च्या नाण्याची एक गोष्ट मात्र शिवराईच्या जवळची आहे: ते खरंच चाललं. त्यानं लोकांनी चहा घेतला, बसचं तिकीट काढलं. हल्लीच्या स्मारक नाण्यांचं काय? बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये १२५ रुपयांचं नाणं निघालं. सोबत दहाचंही निघालं, हे चांगलं झालं. अहिल्याबाई होळकरांच्या ३००व्या जयंतीला, २०२५ मध्ये, ३०० रुपयांचं. जयंतीचा आकडाच किंमत! अशी नाणी संग्राहकांच्या डबीत जातात, किराणा दुकानात येत नाहीत. ज्या बाईनं घाट आणि विहिरी बांधल्या, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या गोष्टी, तिचं नाणं कोणी वापरणार नाही. मला हे डिझाइनचंच अपयश वाटतं. नाण्याची किंमत ठरवणं हाही डिझाइनचाच भाग आहे.

सध्या वीस रुपयांचं नाणं चलनात आहे. महाराजांचं पुढचं नाणं त्या किमतीचं असावं. चेहरा नको. शिवराईवरची तीच अक्षरं, तितकीच जाड. रिक्षावाल्यानं सुट्टे म्हणून ते हातावर ठेवावं आणि आपण क्षणभर थांबून वाचावं.