‘मिक्सर हेच वाद्य’ या वाक्याचं काय करायचं?

डब संगीतावर लिहिलेलं काहीही उघडा, पहिल्या दोन पानांत एक वाक्य भेटतंच: जमैकाच्या किंग टबीने मिक्सिंग कन्सोलचं वाद्य करून टाकलं. लेखात असतं, माहितीपटात असतं, अल्बमच्या कव्हरवरच्या मजकुरात असतं. ध्वनी किंवा लोकप्रिय संगीत या विषयांत पीएचडी करू पाहणाऱ्यांच्या प्रस्तावातही ते हमखास येतं, आणि बहुतेक वेळा परिच्छेदाच्या शेवटी येतं. म्हणजे तिथे विचार थांबतो. माझी तक्रार नेमकी इथे आहे. हे वाक्य खोटं नाही. पण ते कौतुक आहे, विश्लेषण नाही. आणि नुसत्या कौतुकावर प्रबंध उभा राहत नाही.

आज या एकाच वाक्याची झाडाझडती घेऊ. विषय मिक्सरचा असला तरी हाच आजार ‘कॅमेरा हाच लेखणी’, ‘शहर हेच पात्र’ असल्या वाक्यांनाही आहे, हे वाचताना लक्षात ठेवा.

आधी थोडी माहिती. किंग टबी म्हणजे ऑस्बर्न रडॉक (१९४१–१९८९), किंग्स्टनमधला इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर. ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा, स्वतःची साउंड सिस्टीम चालवायचा, काही काळ ड्यूक रीडच्या स्टुडिओत रेकॉर्ड कापण्याचं काम करायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओतून काढून टाकलेला एमसीआय कंपनीचा जुना कन्सोल घेतला आणि वॉटरहाउस भागातल्या आपल्या घरात बसवला. जागा एवढी लहान की पूर्ण बँड बसवायची सोयच नव्हती. गायकाचा आवाज बाथरूममध्ये रेकॉर्ड व्हायचा. ताल आणि साथ दुसऱ्या स्टुडिओत वाजवून झालेली असायची आणि चार ट्रॅकची टेप टबीकडे यायची. त्याचं काम होतं ती टेप पुन्हा मिक्स करणं. मूळ गाणं रेकॉर्डच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला त्याचंच मोडतोड केलेलं रूप. ते रूप म्हणजे डब.

आता कन्सोलकडे या. कॉलेजच्या गॅदरिंगला साउंडवाल्याच्या टेबलावर मिक्सर पाहिला असेलच. पन्नास-साठ नॉब बघून घाबरायला होतं, पण एका चॅनलची उभी पट्टी समजली की बाकीच्या बहुतेक तशाच असतात. वर गेन: आत येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा. मग टोनचे नॉब आणि फिल्टर. मग ऑक्झिलरी सेंड, म्हणजे या आवाजाची एक वेगळी धार इको किंवा रिव्हर्बच्या यंत्राकडे किती सोडायची. खाली सरकणारा फेडर: अंतिम मिश्रणात हा आवाज किती जाणार. आणि म्यूट. डब समजायला यातले चारच पुरतात: फेडर, म्यूट, सेंड आणि फिल्टर.

‘मिक्सर हेच वाद्य’ या वाक्याचा पहिला दोष इथेच दिसतो. ते या चौघांना एकच समजतं. म्यूट आवाज बंद करतो. सेंड आवाजाला दुसऱ्या वाटेने पाठवतो. फिल्टर आवाजातला काही भाग गाळतो. तीन कामं, कानाला तीन वेगळे परिणाम. सतार आणि तबला दोन्ही ‘वाद्य’ आहेत असं म्हटल्याने दोन्हींबद्दल जेवढं कळतं, तेवढंच या वाक्यातून कळतं.

मग करायचं काय? वाक्याच्या जागी प्रश्न ठेवायचा: हे ऐकू येतंय ते कोणत्या कंट्रोलने झालं असेल, आणि ते मला कशावरून म्हणता येतं? तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, गायकाचा आवाज. ऑगस्टस पाब्लोच्या १९७६ सालच्या अल्बममधला ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ हा डब ऐका. मूळ गाणं जेकब मिलरचं, ‘बेबी आय लव्ह यू सो’. डबमध्ये मिलरचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो आणि इकोत विरून जातो. इथे सहज लिहिलं जातं, ‘टबीने आवाजाला इको दिला’. पण डबमध्ये अशा जागा नीट ऐका. आधीची अक्षरं कोरडी आहेत आणि फक्त शेवटचंच अक्षर घुमतंय असं असेल, तर सेंड पूर्ण वेळ उघडा नव्हता. तो त्या अक्षरापुरता उघडला आणि बंद केला. सबंध ओळ इकोकडे जात असती तर सगळेच शब्द एकमेकांवर चढले असते. म्हणजे काम हाताचं आहे, अक्षर यायच्या क्षणी केलेलं. हा निष्कर्ष आपण कानाने काढला. कुणाच्या आठवणींवर विसंबून नाही.

दुसरं, वाढत जाणारा इको. एकदा पाठवलेलं अक्षर पुन्हापुन्हा येतं, दर वेळी थोडं बोथट होत. टेप दर फेरीला वरच्या, तीक्ष्ण वारंवारता गमावते, म्हणून बोथटपणा. पण पुनरावृत्ती कमी व्हायच्या ऐवजी फुगत गेली तर? त्याचा अर्थ इकोचा परत आलेला आवाज पुन्हा इकोकडेच पाठवला जातोय. प्रत्येक फेरीत आवाज आधीपेक्षा किंचित मोठा झाला की तो हाताबाहेर जातो. वेळेवर मागे खेचला नाही तर सगळं गाणं गिळून टाकेल. डबमध्ये जो थरार वाटतो, त्यातला बराचसा या कडेवर उभं राहण्याचा आहे.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. टबीच्या कन्सोलवर एक हाय-पास फिल्टर होता, साधारण ७० ते ७५०० हर्ट्‌झपर्यंत टप्प्याटप्प्याने फिरणारा. ठरवलेल्या वारंवारतेच्या वरचंच पुढे जाऊ देणारी ही चाळणी. नॉब वर नेत गेलं की खर्ज आधी जातो, मग अंग जातं, शेवटी नुसती झांजेची सळसळ उरते. यावर लिहिणारे ‘स्वप्नवत परिणाम’ वगैरे म्हणून मोकळे होतात. पण चार ट्रॅकच्या टेपचा विचार करा. ड्रम आणि बास एकाच ट्रॅकवर असतील, तर फेडर खाली ओढला की दोन्ही जाणार. बास काढून झांज ठेवायची असेल, तर फेडरने ते होणारच नाही. फिल्टरनेच होईल. म्हणजे जे ‘स्वप्नवत’ वाटतं ते काही वेळा एका अगदी रोकड्या अडचणीचं उत्तर असू शकतं.

‘असू शकतं’ असं म्हणतोय, कारण ट्रॅकची वाटणी प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळी असणार. मग तपासायचं कसं? बास गायब होतो त्या क्षणी पायाच्या ड्रमकडे लक्ष द्या. तो तसाच भरदार राहिला, तर बास वेगळ्या ट्रॅकवर होता आणि फेडर किंवा म्यूटने काढला. तोही पातळ झाला, तर दोघं एकाच चाळणीतून जात होते. एका साध्या ऐकण्याच्या चाचणीने दोन गृहीतकं वेगळी झाली. संशोधनात ‘पुरावा’ म्हणतात तो असाच असतो. फार मोठा नसतो, पण विरुद्ध जाऊ शकतो. ‘मिक्सर हेच वाद्य’ या वाक्याच्या विरुद्ध काहीच जाऊ शकत नाही, हीच त्याची अडचण.

आता जे लिहिलं गेलंय त्याकडे. मायकल व्हील यांचं ‘डब’ (२००७) हे पुस्तक या विषयावर काम करणाऱ्याला टाळता येत नाही. स्टुडिओ, इंजिनिअर, कोणाचं काय वैशिष्ट्य, हे सगळं त्यात तपशिलाने येतं. पण पुस्तकाचा सगळ्यात उचलला जाणारा भाग वेगळाच आहे: इको म्हणजे आफ्रिकेपासून तोडल्या गेलेल्या लोकांची तुटक स्मृती, हे वाचन. विचार जबरदस्त आहे आणि व्हील तिथे पायऱ्या चढून पोचतात. विद्यार्थी मात्र पायऱ्या गाळून थेट गच्ची उद्धृत करतात. सेंड कुठे उघडला हे सांगायच्या आधीच इकोचा अर्थ सांगून टाकतात. तसं केलं तर तोच अर्थ जगातल्या कुठल्याही इकोला लावता येईल, मग तो किंग्स्टनचा राहतच नाही. याउलट शॉन विल्यम्स यांचा २०१२ सालचा टबीवरचा लेख उपकरणांच्या बाजूने जातो: कोणता फिल्टर, कोणते टप्पे, हाताला काय शक्य होतं. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने आधी विल्यम्स वाचावेत आणि मग व्हील. म्हणजे गच्चीवर गेल्यावर खाली जिना आहे याची खात्री राहते.

वाक्याचा दुसरा दोष जास्त गंभीर आहे. ‘मिक्सरचं वाद्य केलं’ म्हटलं की खरी वाद्यं वाजवणारे दिसेनासे होतात. एकाच तालावरून एकामागून एक रेकॉर्ड निघायच्या. दुसऱ्या बाजूसाठी नवं गाणं रेकॉर्ड करावं लागत नसे, निर्मात्याचा तेवढा खर्च वाचे. डबच्या जन्मामागे हेही कारण आहे. ड्रमरने एकदा वाजवलेलं किती रूपांत विकलं गेलं आणि त्याला त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न कौतुकाच्या वाक्यात बसत नाही. शिवाय टबीच्या खोलीत फिलिप स्मार्ट, प्रिन्स जॅमी आणि नंतर सायंटिस्ट असे दुसरे इंजिनिअरही बसत. रेकॉर्डवर टबीचं नाव आहे म्हणून प्रत्येक वेळी फेडरवर त्याचाच हात होता असं धरून चालता येत नाही. यंत्राला वाद्य म्हटलं की एकच वादक शोधायची सवय लागते.

तो कन्सोल पुढे अमेरिकेत सिएटलच्या संग्रहालयात गेला. मला हे फार बोलकं वाटतं. काचेपलीकडचा कन्सोल बघून नॉब कुठे आहेत ते कळेल. पण ते कधी, किती वेगाने, कोणत्या शब्दावर फिरले हे कळणार नाही. ते फक्त रेकॉर्डमध्ये उरलंय, आणि तेही कानांनी उलगडावं लागतं.

मग हे वाक्य टाकूनच द्यायचं का? नाही. एका अर्थाने ते खरं आहे, आणि तो अर्थ नेमका सांगितला तर उपयोगीही आहे. त्या कन्सोलवर हालचाली साठवून ठेवायची सोय नव्हती. मिक्स करायचा म्हणजे टेप सोडायची आणि शेवटपर्यंत दोन हातांनी करायचं ते करायचं. दुसऱ्यांदा केलं तर वेगळं होणार. चूक झाली तर ती राहणार, किंवा पुन्हा पहिल्यापासून. हे वादनासारखं आहे, मैफलीसारखं आहे. पण लक्षात घ्या, इथे वाद्यपण कन्सोलच्या अंगी नाही, ते वापरण्याच्या रीतीत आहे. तोच कन्सोल डायनॅमिक साउंड्समध्ये असताना कुणी त्याला वाद्य म्हणत नव्हतं.

तर प्रस्तावात असं वाक्य लिहायचा मोह झाला की त्याच्यापुढे तीन प्रश्न लिहा. कोणता कंट्रोल? कोणाचा हात? माझं म्हणणं चुकीचं ठरवायला रेकॉर्डमध्ये काय ऐकू यावं लागेल? तिसऱ्याचं उत्तर सापडेपर्यंत वाक्य पेन्सिलीनेच ठेवा.

आणि या आठवड्यात एक काम करा. वर सांगितलेला डब हेडफोन लावून तीनदा ऐका: एकदा फक्त आवाजासाठी, एकदा फक्त बाससाठी, एकदा फक्त पायाच्या ड्रमसाठी. मिनिट-सेकंद लिहून समोर कंट्रोलचं नाव टाका. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह. पहिल्या कागदावर प्रश्नचिन्हंच जास्त असतील. तुमच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा माल तोच आहे.