ठोसर घराण्याच्या वंशावळीचें परीक्षण

समर्थ रामदासस्वामींचें ठोसर घराणें मूळचें बेदरकडील, शके ८८४ (इ. स. ९६२) मध्यें दुष्काळ पडल्यामुळें मूळपुरुष कृष्णाजीपंत सहकुटुंब उत्तरेस निघून बीड प्रांतीं हिवरें येथें आले, व त्यांचे वडील चिरंजीव दशरथपंत जांब येथें राहिले, असा वृत्तान्त बहुतेक समर्थचरित्रांत आढळतो. याचा मुख्य आधार हनुमंतस्वामींची बखर. या वृत्तान्ताचा कोणता भाग टिकतो व कोणता टिकत नाहीं, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम काळाचें अंतर पाहावें. बखर अठराव्या शतकाच्या अखेरीची. म्हणजे वर्णिलेल्या स्थलांतरानंतर सुमारें आठशें वर्षांनीं लिहिलेली. बखरकार स्वतः समर्थांचे वडील बंधु गंगाधरपंत यांच्या वंशांतील. त्यामुळें घरची परंपरा त्यांस ठाऊक असणें जसें स्वाभाविक, तसाच घराण्याचा अभिमानहि स्वाभाविक. ही गोष्ट दोन्ही बाजूंनीं मोजली पाहिजे.

दुसरा मुद्दा नांवांचा. शके ८८४ मध्यें या प्रदेशावर राष्ट्रकूट तिसरा कृष्ण राज्य करीत होता. त्यानंतर तीन शतकांनीं, यादवकाळींहि, आपणांस चांगदेव, हेमाडिपंडित, म्हाइंभट अशीं नांवें भेटतात. ‘कृष्णाजीपंत’ हें वळण स्पष्टपणें पुढील काळचें आहे. पुढील पिढ्यांनीं जुनें नांव आपल्या वळणावर घेतलें, असें समाधान देतां येईल; पण मग नांव जसेंच्या तसें उरलें नाहीं, हें मान्य करावें लागेल. नांव बदललें तर शक तेवढा अविकृत राहिला, असें कशावरून?

तिसरा मुद्दा पिढ्यांचा. शके ८८४ पासून समर्थांच्या जन्मापर्यंत, म्हणजे शके १५३० पर्यंत, ६४६ वर्षें होतात. पिढीस २५ ते ३० वर्षें धरल्यास २१ ते २६ पुरुष लागतात. नामावली या मापांत बसली म्हणजे ती खरी ठरते, असें कित्येक समजतात. परंतु हें गणित जसें परीक्षकास येतें तसें नामावली जुळविणारासहि येतें. संख्येचा मेळ हा विरोधाचा अभाव होय. तो पुरावा नव्हे.

मग सर्वच त्याज्य काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घराण्यास कल्पित मूळस्थान द्यावयाचें असतें, तर काशी किंवा पैठण घेणें सोपें होतें. हिवऱ्यासारखें साधें गांव कोणी मुद्दाम घालीत नाहीं. दुष्काळानें देश सोडणें हेंहि या मुलखांत नित्याचेंच. शके १३१८ च्या सुमारास सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण शतकानुशतकें टिकली. कृष्णाजीपंतांचें स्थलांतर त्याच दुष्काळांतील, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें म्हणजे एक निराधार शक काढून दुसरा बसविणें होईल. बेदर, हिवरें, जांब ही वाट ग्राह्य. शक मात्र अग्राह्य, इतकाच आमचा निर्णय.

स्कॉटलंडांतून अमेरिकेंत गेलेल्या शेतकरी कुळांचा शोध घेणारास चर्चचीं बाप्तिस्म्याचीं पुस्तकें, मृत्युपत्रें व जमिनीचे दस्तऐवज मिळतात. आमच्याकडे त्यांची जागा महजर, वतनाच्या वांटण्या, इनामपत्रें आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांनीं घ्यावयाची. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारें शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं हिंडून रामदासी बाडें मिळविलीं, म्हणून संप्रदायाचा इतिहास उभा राहिला. मठांतील बाडांचें जें झालें तें कुळकर्ण्यांच्या दप्तरांचें झालेलें नाहीं. संग्राहकांचें लक्ष पोथीकडे जातें; मोडी कागदांचा रुमाल माळ्यावरच राहतो, आणि घर पडलें कीं रद्दींत जातो. बीड जिल्ह्यांत ज्यांच्याजवळ असे रुमाल असतील त्यांनीं ते सोडून पाहावे. दोन भावांच्या वांटणीचा एक तारीखवार कागद हातीं आला, तर तो आठशें वर्षांच्या नामावलीहून आम्हांस अधिक मोलाचा वाटेल.