पुलावरून उतरलेला सनी रॉलिन्स

सनी रॉलिन्सचं नाव निघालं की पुलाची गोष्ट येतेच. १९५९ साली, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, नावारूपाला आलेला हा टेनर सॅक्सोफोनवाला मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास एकटाच वाजवू लागला. कारण घरगुतीच होतं. घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास. पुलावर आगगाड्या, मोटारी, खाली बोटी. हवं तेवढं फुंका! १९६१ पर्यंत हे चाललं.

गोष्ट आम्हालाही आवडते, पण तिच्यामुळे एक घोटाळा झाला. १९६२ साली ‘द ब्रिज’ ही तबकडी आली, तेव्हा अनेकांना काहीतरी क्रांतिकारक हवं होतं. ऑर्नेट कोलमननं जॅझच्या चौकटी खिळखिळ्या केल्याच होत्या. रॉलिन्सनं काय आणलं? पियानो काढून जिम हॉलची गिटार घेतली, चाली ओळखीच्याच. समीक्षक हिरमुसले. आता आपण खयाल ऐकणारी माणसं. दोन वर्षं रियाज करून गवयानं नवा रागच आणावा, अशी अपेक्षा आपण करतो का? त्याच रागात तो किती मोकळा झाला, हे आपण बघतो. ‘द ब्रिज’मध्ये तो मोकळेपणा आहे, असं आमचं मत.

त्याचं मर्म १९५६ च्या ‘सेंट थॉमस’मध्ये सापडतं. चाल कॅरिबियन, आईकडून आलेली. एकल वादन सुरू होतं ते जेमतेम दोन सुरांवर. तेच दोन सूर तो मागे ढकलतो, पुढे ओढतो, मध्येच गाळतो. बढतच म्हणा ना! गुंथर शुलर यांनी १९५८ साली ‘ब्लू ७’मधल्या अशाच बांधणीवर लेख लिहिला. लेख स्तुतीचा, पण रॉलिन्स त्यानं बावचळला. आपण काय करतो हे दुसऱ्यानं इतकं उलगडून दाखवलं की हात अडखळतो. आम्हा टीकाकारांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

साठच्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा गायब झाला आणि काही महिने राहिला कुठे, तर आपल्या पवईच्या आश्रमात! म्हणून त्याच्या वाजवण्यात राग शोधू नका, तिथे ते नाहीत.

सत्तरनंतरच्या स्टुडिओतल्या बऱ्याच तबकड्या आम्हाला फिक्या वाटतात. समोर श्रोते असले की माणूस वेगळा. ११ सप्टेंबर २००१ ला तो जुळ्या मनोऱ्यांच्या जवळच राहत होता. सॅक्सोफोन घेऊन त्याला घर सोडावं लागलं. चारच दिवसांनी बोस्टनला तो वाजवायला उभा राहिला, वय ७१. ते ध्वनिमुद्रण २००५ मध्ये निघालं. पुलाची गोष्ट जरा बाजूला ठेवून आधी ते ऐका.