पर्यावरणाचा सातबारा कोणाच्या नावे?

अलीकडे मराठीत पर्यावरणावर पुष्कळ लिहिले जाते. झाडे, नद्या, डोंगर यांच्याविषयी हळहळ व्यक्त होते. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु या लेखनातला निसर्ग बहुधा निर्मनुष्य असतो. त्यात माणूस असलाच तर तो जमिनीचा मालक असतो. भूमिहीन मजूर त्यात येत नाही. ही उणीव तपशिलाची नसून दृष्टीची आहे, आणि पवनारच्या उदाहरणाने ती स्पष्ट होते.

धाम नदीकाठच्या या गावी विनोबा १९३८ साली येऊन राहिले. ग्रामस्वराज्याच्या विचाराचे हे तीर्थस्थान. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीच्या दलितांनी विनोबांपाशी जमीन मागितली आणि तेथून भूदान सुरू झाले. मागणी जगण्याच्या हक्काची होती. उत्तर दानाचे मिळाले. दान आलेली बरीच जमीन वाटलीच गेली नाही, काही कसण्याजोगी नव्हती. म्हणूनच १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला.

आज तेच पवनार शक्तिपीठ महामार्गाचे प्रारंभस्थान ठरले आहे. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने पवनार ते पत्रादेवी या सुमारे ८०२ किलोमीटरच्या रस्त्यासाठी २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मान्य केली. अशा रस्त्याच्या भरावाला मुरूम लागतो. तो टेकड्या फोडून येतो. नाल्यांचे प्रवाह वळतात, धूळ उभ्या कपाशीवर बसते. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांनी महापुराचे पाणी भरावाने अडेल म्हणून विरोध केला. तो रास्तच आहे.

पण मोबदला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतो. त्या शेतात निंदण आणि वेचणी करणाऱ्या बाईचा रोज बुडाला, तर तो कोणत्या रकान्यात लिहायचा? पिढ्यान्‌पिढ्या कसलेले गायरान ‘सरकारी जमीन’ म्हणून गेले, तर नुकसान कोणाचे? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणाऱ्या शेतमजुरालाही बाधित मानले होते. परंतु महाराष्ट्रात असे रस्ते १९५५ च्या महामार्ग अधिनियमाखाली घेतले जातात, आणि २०१८ च्या राज्य दुरुस्तीने अशा संपादनाला सामाजिक परिणामांच्या पाहणीतून सूट दिली आहे. जो मोजलाच जात नाही, तो बाधित कसा ठरणार?

येथे काही मित्र विचारतील, मग आपण विकासाच्या विरोधात जायचे काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला. त्याआधी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी दामोदर आणि महानदीच्या प्रकल्पांना चालना दिली. वीज, पाणी, कारखाना ही त्यांना मुक्तीची साधने वाटत होती. रस्त्याने, रेल्वेनेच आपला माणूस गावकुसाबाहेरच्या वस्तीतून शहरात पोचला. पण तो रस्ता वस्तीपाशी थांबत होता. समृद्धी महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि दुचाकीला त्यावर मज्जाव आहे. ज्याची मजुरी या रस्त्याखाली गेली, त्याला त्यावर पाऊलही टाकता येत नाही. ही बाबासाहेबांची आधुनिकता नव्हे.

पर्यावरणवादी लेखकांनी दया पवारांची धरण बांधणाऱ्या बाईची कविता पुन्हा वाचावी. तेथे धरण हे प्रगतीचे प्रतीक नाही की निसर्गाच्या विध्वंसाचेही. तेथे बाईचे श्रम आहेत, आणि त्या श्रमांवर हिरवे होणारे शिवार दुसऱ्याचे आहे. पाणी, श्रम आणि मालकी यांचे नाते दलित कवितेने फार पूर्वी ओळखले. समीक्षेने मात्र तिला केवळ वेदनेच्या खात्यावर जमा केले. मला ती मराठीतील पर्यावरणविचाराची खरी सुरुवात वाटते.

ग्रामस्वराज्यवाद्यांना जुने खेडे परत हवे आहे. सरकारला खेड्यावरून जाणारा रस्ता हवा आहे. दोघांच्याही आराखड्यात आपली वस्ती नाही. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मोजणीदाराआधी गावात जावे. कोण कोणाच्या शेतावर राबते, गायरान कोण कसते, सरपण आणि पाणी कोठून येते, याची वस्तीवार नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. ही नोंद होत नाही तोवर पर्यावरणावरची आपली चर्चा जमीनदारांचीच बाजू मांडत राहील.