केराचा संग्रह

जी वस्तु मुळांत दुसऱ्याचा अपमान करण्याकरितांच घडविली, ती जपावी कीं टाकावी असें कोणीं विचारलें, तर आपल्यापैकीं बहुतेक जण ती फोडून टाका म्हणूनच सांगतील. डेव्हिड पिल्ग्रिम ह्या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञानेंही प्रथम तेंच केलें. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत, मोबील शहरीं, बारा-तेरा वर्षांचा असतांना त्यानें बाजारांतून एक मीठदाणी विकत घेतली. तिला 'मॅमी'चा, म्हणजे गोऱ्या मालकाच्या घरीं राबणाऱ्या लठ्ठ, हंसतमुख काळ्या मोलकरणीचा आकार दिलेला होता. पैसे चुकते करून त्यानें ती विक्रेत्यासमोरच आपटून फोडली. पुढें ह्याच मुलानें अशा सुमारें २,००० वस्तू जमविल्या व १९९६ सालीं त्या मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठास देऊन टाकल्या. २०१२ सालीं त्यांस विद्यापीठाच्या ग्रंथालयांत प्रशस्त दालन मिळालें. 'अंडरस्टँडिंग जिम क्रो' (२०१५) हें त्यांचें पुस्तक म्हणजे ह्या संग्रहाची कैफियत होय.

'जिम क्रो' हें १८३० च्या सुमारास टॉमस राइस नामक गोऱ्या नटानें तोंडास काळें फांसून वठविलेलें सोंग. वर्णभेदाच्या कायद्यांस पुढें हेंच नांव चिकटलें. एका फार्साचें नांव कायद्यास शोभावें, हें त्या कायद्याविषयीं पुष्कळ सांगून जातें.

संग्रहांतील क्रूर वस्तू पाहून मन शहारतें खरें. जत्रेंत पडद्याच्या भोंकांतून काळ्या माणसानें डोकें बाहेर काढावयाचें आणि लोकांनीं पैसे देऊन त्यावर चेंडू फेंकावयाचे, असा खेळ त्या देशांत चालत असे. पण आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती मीठदाणीच. तिच्यांत द्वेष कोठें दिसत नाहीं. उलट लाडिकपणाच दिसतो. रोज जेवतांना ती मुलांच्या हाताखालून जाई, आणि अमुक माणसें आपल्या सेवेकरितांच जन्मलीं व त्यांतच सुखी आहेत, हा धडा कोणीं न शिकवितां मिठाबरोबर पोटांत जाई. अशा पुराव्याची जागा कायद्याच्या पोथीनें भरून येणार नाहीं. आमच्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला; त्याच देशांत पुढें कित्येक दशकें असल्या मीठदाण्या घरोघर वापरांत होत्या, हें वाचतांना मन खिन्न होतें.

एक शंका मात्र आम्हांस सोडीत नाहीं. संग्राहक वाढले कीं भाव चढतो, आणि भाव चढला कीं नकला निघूं लागतात. असल्या नकली वस्तू बाजारांत आहेतही. द्वेष दाखविण्याकरितां घेतलेली वस्तु आणि द्वेष मिरविण्याकरितां घेतलेली वस्तु, दोहोंचे पैसे त्याच दुकानदाराच्या गल्ल्यांत पडतात. तथापि खासगी कपाटापेक्षां सार्वजनिक दालन शतपट बरें, हें लेखकाचें म्हणणें आम्हांस पटतें. कारण तेथें वस्तूशेजारीं तिचा इतिहास लिहिलेला असतो व प्रश्न विचारण्यास मनुष्य भेटतो.

पुस्तकांत चित्रें पुष्कळ आहेत. घरांत मुलें असल्यास तीं त्यांच्यापुढें एकदम उघडूं नयेत. आधीं मजकूर वाचून दाखवावा, मुलांनीं विचारलेलें ऐकून घ्यावें, आणि मग पान उलटावें.