कोडिंग बूटकॅम्प आणि ग्रामीण विद्यार्थ्यांच्या रोजगारसंधी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
भोर तालुक्यातील कामथडी हे गाव पुणे-सातारा महामार्गालगत आहे. तेथून हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान फार दूर नाही. परंतु तेथील नोकरीचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. हे अंतर काही महिन्यांत पार करून देण्याचे आश्वासन 'कोडिंग बूटकॅम्प' हे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देते. प्रस्तुत लेखात या आश्वासनाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
अल्पमुदतीचे सखोल संगणक प्रशिक्षण पुण्याला नवे नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा प्रगत संगणनाचा पदविका अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचाच आहे. मात्र त्याच्या प्रवेशासाठी अभियांत्रिकी वा तत्सम पदवी आणि सामायिक प्रवेश परीक्षा आवश्यक असते. म्हणजेच या सहा महिन्यांमागे काही वर्षांच्या पदवी शिक्षणाचा पाया असतो. बूटकॅम्पच्या जाहिरातींत अनेकदा नेमका हाच पाया अनावश्यक ठरविला जातो.

मोठ्या कंपन्यांनी पदवीची अट शिथिल केल्याचा दाखला यासाठी दिला जातो. तथापि हार्वर्ड बिझनेस स्कूल व बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांच्या २०२४ मधील अमेरिकेविषयीच्या अभ्यासानुसार या धोरणाचा प्रत्यक्ष लाभ ७०० नेमणुकांमागे एकीलाही मिळालेला नाही. त्याच वर्षी तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने 'ब्लूमटेक' या बूटकॅम्पवर कारवाई केली. संस्थेने ८६ टक्क्यांपर्यंत नोकऱ्या मिळाल्याची जाहिरात केली होती; प्रत्यक्षातील प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास व काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली होते. 'नोकरीनंतर शुल्क' हा करार वस्तुतः कर्जच होता, असाही निष्कर्ष निघाला.

भारतातही २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ने, तर इन्फोसिसची २५,९९४ने घटली. प्रवेशद्वार अरुंद झाले की पदवी हीच पहिली चाळणी ठरते.

याचा अर्थ बूटकॅम्प निरुपयोगी आहेत असा नाही. पदवीधराला प्रत्यक्ष प्रकल्पांचा सराव तेथे मिळू शकतो व लहान कंपनीतील पहिल्या नोकरीस तो साहाय्यक ठरू शकतो. मोठ्या कंपनीचा मार्ग बहुधा अशा अनुभवातूनच जातो. शिवाय विप्रोसारख्या कंपनीने बी.एस्सी. व बी.सी.ए. पदवीधरांना नोकरीसह उच्च शिक्षणाची योजना राबविली आहे, याचीही माहिती विद्यार्थ्यांना असावयास हवी.

निष्कर्ष :
शेतीच्या उत्पन्नातून वा कर्जातून शुल्क भरणाऱ्या कुटुंबाला फसलेल्या निर्णयाची किंमत अनेक वर्षे मोजावी लागते. म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारण्यास शिकवावे : प्रवेश किती जणांनी घेतला, अभ्यासक्रम किती जणांनी पूर्ण केला, नोकरी कोणत्या पदावर मिळाली आणि वेतन किती? 'शेकडा किती' या आकड्यामागील 'कितींपैकी' हा आकडा जी संस्था सांगत नाही, तिच्या आश्वासनावर विसंबून पदवी अर्धवट सोडणे हिताचे नाही.