तबकडीवर नसलेलं नाव

आता ब्रिस्टलकडे येऊ. 1927च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअरनं तिथं कार्टर कुटुंबाचं ध्वनिमुद्रण केलं. कंट्री संगीत तिथंच जन्मलं, असं म्हणायची पद्धत पडलीय. मला ते पटत नाही. 1923 मध्येच अटलांटात फिडलिन जॉन कार्सन तबकडीवर आला होता, आणि तोही याच पीअरच्या हातून! असो. पीअरला हवी होती कॉपीराइट घेता येतील अशी गाणी. म्हणून ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरवस्त्यांत हिंडायचा. पुढं त्याच्यासोबत लेस्ली रिडल असायचा, कृष्णवर्णीय गिटारवादक. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडलच्या डोक्यात राहायची. तबकडीवर नाव मात्र कार्टरचं. मेबेल कार्टरची गिटार ऐकाल तेव्हा हेही आठवा, तिनंसुद्धा रिडलकडून बरंच उचललं होतं.